वयस्करांची जखम भरत नाही: सप्लिमेंट कोणते, किती आणि केव्हा थांबवायचे

टाचेवरची, माकडहाडावरची किंवा घोट्याजवळची जखम महिना उलटला तरी भरत नाही, तेव्हा घरचे लोक पहिल्यांदा झिंकच्या आणि व्हिटॅमिन सीच्या गोळ्या आणतात. हा क्रम उलटा आहे. वयस्कर माणसात आधी कमी पडतात ती प्रोटीन आणि एकूण कॅलरी. गोळ्यांचा नंबर बराच नंतर लागतो. कॅलरी पुरेशा नसतील तर शरीर खाल्लेले प्रोटीनच इंधन म्हणून जाळते आणि जखमेच्या वाट्याला काही उरत नाही. म्हणून इथे आधी तूट मोजायची, मग ती भरून काढायची आणि सगळ्यात शेवटी झिंक, व्हिटॅमिन यांसारख्या सूक्ष्म घटकांचा विचार करायचा, असा क्रम ठेवला आहे.

पायरी १: जखम कशामुळे अडली आहे ते आधी कळू द्या

सप्लिमेंट हे जोडकाम आहे. शय्याव्रण म्हणजे बेडसोर असेल तर त्या जागेवरचा दाब काढावा लागतो: ठरावीक वेळाने कूस बदलणे, योग्य गादी, टाच अधांतरी राहील अशी पिंडरीखाली उशी. मधुमेही पायाची जखम असेल तर त्या पायावर भार येऊ न देणे आणि साखर ताब्यात आणणे. शिरांच्या दोषामुळे घोट्याजवळ झालेल्या जखमेला पट्ट्यांचा दाब लागतो; पण धमन्या अरुंद झालेल्या असतील तर तोच दाब पाय धोक्यात आणू शकतो, म्हणून रक्तपुरवठा तपासल्याशिवाय पट्टी आवळायची नाही. पायाला रक्तच पोचत नसेल तर प्रोटीनही पोचणार नाही.

लाली पसरत जाणे, ताप, दुर्गंधी, काळा पडलेला भाग, तळाशी हाड दिसणे, एकाएकी सुरू झालेला गोंधळलेपणा यांपैकी काहीही असेल तर आहाराचे गणित बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. वयस्करांमध्ये संसर्ग असूनही ताप न येणे हे नेहमीचे आहे.

पायरी २: कुपोषण आहे का

माणूस जाड दिसतो म्हणून तो पोसलेला असतो असे नाही. पोट सुटलेले असते आणि मांड्या, दंड मात्र वाळलेले असतात. अशी माणसे तपासणीतून हमखास निसटतात. पाहायच्या गोष्टी अशा:

- वजन: एका महिन्यात ५% किंवा सहा महिन्यांत १०% घट ही गंभीर समजायची. ६० किलोच्या माणसाचे महिन्यात ३ किलो गेले तर ते "वयामुळे" म्हणून सोडून द्यायचे नाही.
- पोटरीचा घेर: सगळ्यात जाड भागी ३१ सेंटिमीटरपेक्षा कमी. पायावर सूज असेल तर हे माप उपयोगाचे नाही.
- कपडे, अंगठी, घड्याळाचा पट्टा, दातांची कवळी सैल होणे. जुने वजन कुणालाच आठवत नसते, तेव्हा हेच पुरावे कामाला येतात.
- गेल्या आठवड्यात नेहमीच्या जेवणातले ताटात किती उरले.

आहारतज्ज्ञ किंवा नर्स यासाठी सहा प्रश्नांची एक प्रश्नावली वापरतात. तिचे एकूण गुण १४. १२ ते १४ ठीक, ८ ते ११ धोक्याच्या काठावर, ७ किंवा कमी म्हणजे कुपोषण.

रक्तातले अल्ब्युमिन (यकृतात बनणारे एक प्रोटीन) कमी आले की "प्रोटीन कमी आहे" असा निष्कर्ष सर्रास काढला जातो. तो पक्का नाही. संसर्ग किंवा दाह असला की यकृत अल्ब्युमिन कमी बनवते, मग खाणे कितीही चांगले असो. शिवाय ते हळू बदलते, त्याचे अर्धायुष्य सुमारे २० दिवसांचे असते. त्यामुळे दर आठवड्याला अल्ब्युमिन करून सप्लिमेंट लागू पडते की नाही हे ठरवणे म्हणजे पैशांचा आणि रक्ताचा अपव्यय. हिमोग्लोबिन, एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांतली सरासरी साखर), क्रिएटिनिन (मूत्रपिंडांची तपासणी), व्हिटॅमिन डी आणि बी१२ मात्र सुरुवातीला पाहून घ्यावे. मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षे चालू असतील तर बी१२ कमी निघण्याची शक्यता बरीच असते.

पायरी ३: तूट काढा

दाबाच्या जखमा आणि कुपोषण (किंवा त्याचा धोका) असलेल्या प्रौढांसाठी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूत्रांतले आकडे असे: दर किलो वजनामागे रोज ३० ते ३५ कॅलरी आणि १.२ ते १.५ ग्रॅम प्रोटीन. इतर जुनाट जखमांसाठीही साधारण याच आकड्यांपासून सुरुवात करतात. वजन फार जास्त असेल किंवा अंगावर सूज असेल तर प्रत्यक्ष वजन धरून हिशेब करू नका; आकडा फुगतो. तिथे आहारतज्ज्ञाकडून दुरुस्त वजन घ्या.

आता तीन दिवस खाण्याची नोंद ठेवा. काय वाढले ते लिहू नका. काय पोटात गेले ते लिहा. त्यासाठी ताटात उरलेले पाहावे लागते. हिशेबापुरते ढोबळ आकडे: एक अंडे ६ ग्रॅम प्रोटीन, २०० मिलि दूध साडेसहा-सात ग्रॅम, शिजवलेली कडधान्ये १०० ग्रॅममध्ये ८-९ ग्रॅम, शिजवलेले चिकन १०० ग्रॅममध्ये २५ ते ३० ग्रॅम.

समजा वजन ५० किलो. गरज १५०० ते १७५० कॅलरी आणि ६० ते ७५ ग्रॅम प्रोटीन. नोंदीवरून पोटात जाते १०५० कॅलरी आणि ३५ ग्रॅम. म्हणजे तूट किमान ४५० कॅलरी आणि २५ ते ४० ग्रॅम प्रोटीनची. २०० मिलिची हाय-प्रोटीन बाटली साधारण ३०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रोटीन देते. दोन बाटल्या घेतल्या की बेरीज १६५० कॅलरी आणि ७५ ग्रॅम, म्हणजे तूट भरली. एकच बाटली घेतली तर प्रोटीन ५५ ग्रॅमवर अडकते आणि "सप्लिमेंट देऊनही फरक नाही" ही तक्रार सुरू होते. बहुतेक घरांत मात्रा इथेच चुकते: "रोज दोन चमचे" असे काहीतरी चालू असते आणि त्यातून जेमतेम ५ ग्रॅम जात असते.

तूट लहान असेल, म्हणजे १० ग्रॅमच्या आसपास, तर बाटली आणूच नका. ३० ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर दुधात, सूपमध्ये किंवा लापशीत मिसळली की १० ग्रॅम प्रोटीन आणि शंभरेक कॅलरी वाढतात.

पायरी ४: डब्यावरचे बारीक अक्षर वाचा

पुढच्या बाजूचे चित्र सोडा, मागचा तक्ता पाहा. "१०० ग्रॅममध्ये प्रोटीन" हा आकडा शोधा. बऱ्याच पौष्टिक म्हणून विकल्या जाणाऱ्या पेय-पावडरींत तो ७ ते १५च्या घरात असतो, बाकी सगळे माल्ट आणि साखर. जखमेसाठी प्रोटीन हवे असेल तर असला डबा निरुपयोगी.

निवड ढोबळमानाने अशी करता येते. कॅलरी आणि प्रोटीन दोन्ही कमी असतील तर पूर्ण पोषण देणारे तयार पेय किंवा पावडर. भूक बरी आहे, कॅलरी पुरतात, फक्त प्रोटीन कमी आहे, तर नुसती व्हे प्रोटीन (दुधातून वेगळे काढलेले प्रोटीन) पावडर. दुधाने पोट बिघडत असेल तर व्हे कॉन्सन्ट्रेटऐवजी जास्त शुद्ध केलेले आयसोलेट, त्यात लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर कमी असते. कोलॅजन (कातडीला ताकद देणारे प्रोटीन) पेप्टाइडचा सध्या बराच बोलबाला आहे. जोडीला घ्यायला हरकत नाही, पण कोलॅजनमध्ये ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल (प्रोटीनचा घटक) नसते, म्हणून दिवसाच्या प्रोटीनचा मुख्य भाग त्यावर सोपवू नये.

मधुमेह असेल तर एका बाटलीत कर्बोदके किती हे पाहा. २०० मिलिमागे २० ते ३५ ग्रॅम असू शकतात. मधुमेहींसाठीचा प्रकार घेतला तरी साखर मोजावीच लागते आणि कदाचित औषधाची मात्रा बदलावी लागते. साखर वाढेल म्हणून प्रोटीनच बंद करणे हा उपाय नव्हे.

पायरी ५: देण्याची पद्धत

सप्लिमेंट ठरते किंवा फसते ते इथे. बाटली जेवणाच्या वेळी दिली की जेवण उरते, आणि एकूण बेरीज होती तिथेच राहते. दोन जेवणांच्या मधे, पुढच्या जेवणाला दीड-दोन तास असताना द्या. एकदम २०० मिलि संपत नसेल तर ६० ते १२० मिलि दिवसातून तीन-चार वेळा, औषधांच्या वेळेला बांधून. गोळीबरोबर दिलेला घोट सहसा नाकारला जात नाही. मात्र कोणती औषधे यात बसत नाहीत ते पुढे पाहा.

प्रोटीन दिवसभरात वाटून द्या. तरुण शरीराला कमी प्रोटीनमध्ये स्नायू बांधण्याचा जो इशारा मिळतो, तो वयस्कर शरीराला मिळायला एका वेळी २५ ते ३० ग्रॅम लागतात. न्याहारीला चहा-बिस्किट आणि रात्रीच्या जेवणात सगळे प्रोटीन, ही मांडणी वाया जाणारी. न्याहारी आधी सुधारा.

पावडर कालवताना उकळते पाणी किंवा दूध वापरू नका. व्हे प्रोटीन गरमीने आळते, गुठळ्या होतात आणि पहिल्याच दिवशी रुग्ण पेला परत करतो. आधी अर्धे कोमट द्रव, मग पावडर, मग घोटणे, मग उरलेले द्रव. माप डब्यातल्याच चमच्याचे, शिगोशीग नव्हे तर सपाट. एका डब्याचा चमचा दुसऱ्या डब्याला चालत नाही. आणि पिऊन झाल्यावर पेला तिरका करून तळ बघा: उशाशी तासभर राहिलेल्या पेल्याच्या बुडाशी जो पिवळसर गाळ बसतो, मोजलेल्या प्रोटीनचा मोठा वाटा त्यातच असतो आणि तो पेल्याबरोबर विसळला जातो. थोडे पाणी घालून हलवून तोही द्या.

तयार बाटली थंडगार जास्त आवडते. गोडाचा आणि धातूचा वास थंडीत कमी जाणवतो. गोडाचा कंटाळा आला तर बिनचवीची पावडर सूपमध्ये. उघडलेली बाटली बाहेर चार तास, फ्रिजमध्ये २४ तास, त्यानंतर फेकायची.

जुलाब लागले तर सप्लिमेंट "मानवत नाही" असे लगेच ठरवू नका. घट्ट पेय भराभर प्यायल्याने असे होते. मात्रा अर्धी करा, घोट घोट तासाभरात द्या, मग तीन-चार दिवसांत वाढवा. अँटिबायोटिक चालू असताना पाण्यासारखे जुलाब झाले तर मात्र डॉक्टरांना सांगा. दोष बाटलीचा नसण्याची शक्यता जास्त.

गिळताना खोकला येणे, पिऊन झाल्यावर आवाज ओलसर, घरघरणारा होणे ही श्वासनलिकेत द्रव जात असल्याची खूण. अशा वेळी पातळ पेय थांबवा आणि गिळण्याची तपासणी करून घ्या. पेय किती दाट करायचे ते तिथे ठरते. पाठीवर झोपलेल्या माणसाच्या तोंडात काहीही ओतायचे नाही. ताठ बसवून द्या आणि नंतर अर्धा तास तसेच बसू द्या. माकडहाडावर जखम असेल तर हा अर्धा तास संपला की लगेच कूस बदलायची, नाहीतर इकडे कमावलेले तिकडे घालवले.

पाणीही वाढवावे लागते. हृदय आणि मूत्रपिंडे ठीक असतील तर दर किलोमागे सुमारे ३० मिलि द्रव; जखमेतून स्राव जास्त असेल किंवा ताप असेल तर त्याहून थोडे अधिक. प्रोटीन वाढवले आणि पाणी तेवढेच ठेवले की बद्धकोष्ठ आणि कोरडेपणा ठरलेला.

झिंक, व्हिटॅमिन सी, आर्जिनिन: किती विश्वास ठेवावा

कमतरता असेल तर झिंक आणि व्हिटॅमिन सी दोन्ही लागतातच. त्यांच्याशिवाय कोलॅजन नीट बनत नाही. पण कमतरता नसताना जास्त दिल्याने जखम जास्त वेगाने भरते असे नाही. १९९५ साली नेदरलँड्समधल्या चाचणीत बेडसोरच्या रुग्णांना रोज १००० मिलिग्रॅम आणि २० मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी देऊन तुलना झाली. मोठ्या मात्रेचा फायदा दिसला नाही.

झिंकची रोजची गरज पुरुषांना ११ आणि स्त्रियांना ८ मिलिग्रॅम, सुरक्षित कमाल ४०. गोळीवर "झिंक सल्फेट २२० मिलिग्रॅम" लिहिलेले असते, त्यात प्रत्यक्ष झिंक ५० मिलिग्रॅम असते, म्हणजे एकाच गोळीत कमाल ओलांडली. डॉक्टर कमतरतेसाठी ती काही आठवडे देतात, पण त्याच चिठ्ठीवर महिनोन्‌महिने चालू ठेवली तर झिंक तांब्याचे शोषण अडवते आणि रक्तक्षय, पांढऱ्या पेशी कमी होणे, पायांना मुंग्या-बधिरपणा मागे लागतो. मधुमेही रुग्णात हा बधिरपणा मधुमेहाच्या खात्यावर जमा होतो आणि खरे कारण कुणी शोधत नाही. बाटली, मल्टिव्हिटॅमिन आणि स्वतंत्र गोळी या तिन्हींतले झिंक एकत्र बेरजेला धरा.

आर्जिनिन या अमिनो आम्लाचे थोडे वेगळे आहे. २०१५ साली इटलीतल्या २०० कुपोषित बेडसोर-रुग्णांच्या चाचणीत दोन्ही गटांना सारख्याच कॅलरी आणि प्रोटीनचे पेय मिळत होते. एका गटाच्या पेयात आर्जिनिन, झिंक आणि अँटिऑक्सिडंट जास्तीचे होते. आठ आठवड्यांत त्या गटाच्या जखमा जास्त आकसल्या. तिघांतल्या नेमक्या कुणाचा हा परिणाम, हे अशा मिश्रणातून सुटे काढता येत नाही. म्हणून कुपोषित रुग्णाच्या मध्यम किंवा खोल बेडसोरला हे मिश्रण वापरण्याजोगे आहे, पण चांगले खाणाऱ्या माणसाला सुटी आर्जिनिनची पुडी देण्याचे कारण त्यातून मिळत नाही. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल तर आर्जिनिन नको: २००६ साली अशा रुग्णांवरची एक चाचणी आर्जिनिन घेणाऱ्या गटात मृत्यू दिसल्याने मधेच थांबवली गेली. रक्तात संसर्ग पसरलेला असतानाही टाळतात.

व्हिटॅमिन ए आणि ई आपल्या मनाने देऊ नयेत. ए साठत जाऊन यकृताला आणि हाडांना त्रास देते, ई मोठ्या मात्रेत रक्तस्राव वाढवू शकते. लोह सुद्धा तपासणीनंतरच. जुनाट जखमेतला रक्तक्षय पुष्कळदा दाहामुळे असतो आणि लोहाच्या गोळीने फक्त बद्धकोष्ठ वाढते.

औषधांशी गाठ

- रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन: पूर्ण पोषणाच्या पेयांत व्हिटॅमिन के असते. सुरू करताना आणि बंद करतानाही आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते) तपासा.
- पार्किन्सनसाठीचे लेव्होडोपा: प्रोटीन त्याचे शोषण अडवते. गोळी आधी, पेय किमान अर्ध्या तासानंतर.
- थायरॉइडची गोळी: सकाळी रिकाम्या पोटी, कॅल्शियम, लोह किंवा खनिजे असलेले पेय चार तासांनी.
- डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी अँटिबायोटिक: झिंक, लोह, कॅल्शियम त्यांना बांधून ठेवतात. अंतर ठेवले नाही तर जखमेच्या संसर्गावरचे औषधच निकामी होते.
- व्हिटॅमिन सी मोठ्या मात्रेत: काही ग्लुकोज सेन्सर आणि ग्लुकोमीटर साखर खोटी जास्त दाखवतात, आणि त्या आकड्यावर इन्सुलिन वाढवले तर धोका.

कुणाला आपल्या मनाने सुरू करायचे नाही

मूत्रपिंडे अधू आहेत पण डायलिसिस नाही, अशा रुग्णाला एरवी प्रोटीन कमी करायला सांगितलेले असते आणि जखमेला ते जास्त हवे असते. ही ओढाताण घरी सोडवायची नाही, मूत्रपिंडतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ मिळून आकडा ठरवतात. डायलिसिसवर असलेल्यांना उलट जास्त प्रोटीन लागते. पोटॅशियम आणि फॉस्फरससाठी बाटलीचा तक्ता त्यांना दाखवा.

पाच दिवसांहून जास्त काळ जवळजवळ काहीच न खाल्लेल्या माणसाला एकदम पूर्ण मात्रा देणे सगळ्यात धोक्याचे. उपाशी शरीराला अचानक कॅलरी मिळाल्या की फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम रक्तातून झपाट्याने पेशींत ओढले जातात आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. पहिले दोन दिवस गरजेच्या निम्म्याहून जास्त नाही, थायमिन (व्हिटॅमिन बी१) आधी, रक्तातले क्षार तपासत पुढे. फारच खंगलेला माणूस असेल तर त्याहूनही हळू, आणि ते रुग्णालयात.

आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यातल्या माणसावर बाटल्यांची सक्ती करू नये. तिथे जे दोन घास गोड लागतील ते, आणि जखमेची वेदना व वास कमी ठेवणे.

पायरी ६: मोजत राहा, मग थांबवा

दर आठवड्याला त्याच वारी, रुग्णाला त्याच कुशीवर ठेवून जखमेची जास्तीत जास्त लांबी आणि तिच्याशी काटकोनात रुंदी मोजा. जवळ पट्टी धरून फोटो काढा. लांबी ४ आणि रुंदी ३ सेंटिमीटर म्हणजे १२. चार आठवड्यांनी ३.२ आणि २.५ म्हणजे ८, एक तृतीयांश घट. मेलेले मांस काढल्यानंतर जखम मोठी दिसते, ती बिघाड नव्हे. खोली मोजण्याचे काम नर्सवर सोडा. त्याच वहीत वजन आणि किती मिलि प्रत्यक्ष प्यायले हे लिहा.

चार आठवड्यांत जखम जागची हलली नाही तर मात्रा आंधळेपणाने वाढवू नका. आधी वही पाहा: ठरलेल्यातले ८०% पोटात जात होते का? जात असेल आणि वजनही वाढत असेल, तर पोषणाची बाजू सांभाळली गेली आहे. मग दाब, रक्तपुरवठा, हाडातला संसर्ग आणि साखर यांची पुन्हा तपासणी मागा. वर्षानुवर्षांच्या जखमेच्या कडा उंचावल्या असतील तर तुकडा काढून तपासण्याबद्दल विचारा.

जखम बंद झाली की झिंकची जादा गोळी लगेच थांबवा. प्रोटीन मात्र एकदम तोडू नका. बंद झालेली जागा आतून अजून घडत असते आणि तिथली कातडी मूळच्या ताकदीच्या फार तर ८०%पर्यंतच पोचते. दोन बाटल्यांवरून एकीवर या, पुन्हा तीन दिवसांची खाण्याची नोंद करा, आणि जेवणातूनच दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रोटीन मिळत असेल तर तीही बंद करा. त्यानंतर महिन्यातून एकदा वजन पुरे.